गिअर कोणी बदलावा : हाताने की यंत्राने?



सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या एस. टी. बसमध्ये तुम्ही कधी चालकाच्या मागच्या बाकावर बसला आहात का? बसला नसाल तर एकदा अवश्य बसा आणि कान एंजिनाकडे द्या. सपाट रस्त्यावर त्याचा आवाज एकसुरी असतो. तुळजापूर जवळ येते, बालाघाटाचा चढ लागतो आणि आवाज जड होतो. बस दमल्यासारखी वाटते. मग चालक डाव्या पायाने क्लच दाबतो, गिअरचा दांडा हलवतो, आणि एंजिन एकदम वरच्या स्वरात बोलू लागते. बसचा वेग कमी झालेला असतो, पण चढ मात्र ती निमूटपणे चढून जाते.

एंजिन तेच, डिझेल तेच. मग चालकाने नुसता दांडा हलवल्याने ही ताकद आली कोठून? आणि हे काम चालकाच्या हाताऐवजी यंत्राने आपोआप केले तर ते अधिक चांगले होईल का? या प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू.

दात्यांचा हिशेब

प्रथम तुमची सायकल घ्या. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा. समजा ते ४४ आहेत आणि मागच्या छोट्या चक्राचे १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ४४ ÷ १८ म्हणजे जवळजवळ २.४४ फेरे फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर एका फेऱ्यात तुम्ही सुमारे ५.४ मीटर पुढे जाता. वेग मिळाला, पण तो फुकट मिळत नाही. चाकाला फिरवणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. म्हणूनच चढावर उतरून सायकल ढकलावी लागते.

मोटारीतील गिअरपेटी हाच व्यवहार करते. एंजिनाचे साडेतीन फेरे झाल्यावर पुढच्या दांड्याचा एकच फेरा होईल अशी दातेरी चक्रे जुळवली, तर वेग साडेतीन पटींनी घटतो, परंतु फिरवण्याचा जोर जवळजवळ साडेतीन पटींनी वाढतो. या जोराला अभियंते टॉर्क म्हणतात. गिअर शक्ती निर्माण करीत नाही, हे नीट लक्षात ठेवा. शक्ती एंजिनाचीच. गिअर केवळ वेग देऊन जोर घेतो, किंवा जोर देऊन वेग घेतो.

हा व्यवहार करावा का लागतो? कारण एंजिन ठरावीक गतीच्या पट्ट्यातच चांगले काम करते. फार हळू फिरवले तर ते बंद पडते, फार जोरात फिरवले तर त्याला इजा होते. चाकांना मात्र शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत जायचे असते. या दोघांचा मेळ घालणारा मध्यस्थ म्हणजे गिअरपेटी.

परीक्षा : पाव मैलाची धाव

हाताचा गिअर बरा की आपोआप बदलणारा, याचा निकाल लावायला एक उत्तम परीक्षा आहे. ती म्हणजे ड्रॅग शर्यत. ही शर्यत अगदी सरळ मार्गावर होते. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिव्याचा इशारा मिळताच सुटतात आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर कापतात. अमेरिकेत या खेळाची मोठी संघटना १९५१ साली स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील आंबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. वळण नाही, चढ नाही. स्थिर अवस्थेतून वेग किती लवकर वाढतो, एवढाच प्रश्न. म्हणजे ही त्वरणाचीच परीक्षा.

हाताच्या गिअरच्या गाडीत गिअर बदलताना क्लच दाबावा लागतो. क्लच म्हणजे एंजिन आणि गिअरपेटी यांना जोडणाऱ्या व सोडवणाऱ्या तबकड्या. त्या सुटल्या की एंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. समजा हा खंड अर्ध्या सेकंदाचा आहे आणि शर्यतीत तीन वेळा गिअर बदलला. तर दीड सेकंद वाया गेला का?

नाही! खंडाच्या वेळी गाडी थांबत नाही. आधीच्या वेगाने ती पुढे जातच राहते. तेव्हा खरा तोटा किती, ते काढू. समजा अंतिम रेषेजवळ गाडीचा वेग सेकंदाला ४० मीटर आहे. खंडामुळे तिचा पुढचा सारा प्रवास अर्धा सेकंद उशिरा होतो. म्हणजे अखेरीस या वेगाने कापायचे २० मीटर अंतर तिच्या हातून जाते. त्या बदल्यात खंडाच्या काळात कापलेले अंतर तिला मिळते.

पहिला खंड वेग सेकंदाला १२ मीटर असताना पडला, तर मिळाले ६ मीटर, गेले २०. तोटा १४ मीटर.

दुसरा खंड वेग २२ मीटर असताना पडला, तर मिळाले ११ मीटर. तोटा ९ मीटर.

तिसरा खंड वेग ३२ मीटर असताना पडला, तर मिळाले १६ मीटर. तोटा ४ मीटर.

एकूण तोटा २७ मीटर. सेकंदाला ४० मीटर वेगाने हे अंतर कापायला सुमारे ०.६८ सेकंद लागतात. (खंडात हवेच्या विरोधामुळे वेग थोडा घटतो, तो आपण सोडून दिला आहे.) यातून एक मजेदार गोष्ट दिसते. तिन्ही खंड सारखेच अर्ध्या सेकंदाचे, पण सुरुवातीचा खंड सर्वांत महाग पडतो. वेग कमी असताना घालवलेला क्षण शेवटपर्यंत भरून निघत नाही.

आता चालक तरबेज असेल आणि त्याचा खंड ०.२ सेकंदाचाच असेल, तर हाच तोटा सुमारे ११ मीटरवर येतो. म्हणजे हाताच्या गिअरमध्ये यंत्राइतकीच चालकाच्या हातापायाचीही परीक्षा असते.

तेलातून जाणारा जोर

आपोआप गिअर बदलणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गाडीत क्लचचे पायडल नसते. त्याच्या जागी तेलाने भरलेले एक बंद भांडे असते. त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात. टेबलावर दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते. पंख्यांच्या मध्ये आणखी एक पात्यांचे चक्र असते. ते परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, आणि त्यामुळे गाडी सुटताना टॉर्क साधारण दुप्पट होऊ शकतो. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. त्याने १९०५ साली जहाजांसाठी तिचे पेटंट घेतले. मोटारीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली स्वयंचलित गिअरपेटी जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली आणली. तिच्यात तेलाची साधी जोडणी होती. टॉर्क वाढवणारे मधले चक्र मोटारींत नंतर आले.

अशा पेटीतील दातेरी चक्रांची रचनाही निराळी असते. मध्ये एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले कडे. यांपैकी कोणते चक्र रोखून धरायचे, यावर गिअर ठरतो. चक्रे नेहमीच एकमेकांत अडकलेली असल्याने गिअर बदलताना जोर जवळजवळ तुटत नाही. खंडाचा तोटा वाचला!

पण येथेही काही फुकट नाही. तेल थोडे घसरते आणि तापते. जी शक्ती चाकांकडे जायची, तिचा काही भाग उष्णतेत जातो. शिवाय ही पेटी वजनाने जड असते. या कारणांमुळे पूर्वी कुशल चालकाची हाताच्या गिअरची गाडी बहुधा पुढे राहत असे.

मग जिंकते कोण?

उत्तर शर्यतीच्या नियमांवर अवलंबून आहे. अमेरिकेत एक प्रकार असा आहे की, चालकाने आपल्या गाडीला किती वेळ लागेल हे आधीच सांगायचे. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचणारा बाद होतो! येथे वेगापेक्षा नियमितपणा मोलाचा. यंत्र प्रत्येक वेळी जवळजवळ सारखेच वागते, माणसाचा हात तसा वागत नाही. म्हणून या प्रकारात स्वयंचलित पेटीला पसंती असते. १९५० साली निघालेली, अवघ्या दोन गिअरची ‘पॉवरग्लाइड’ पेटी अशा शर्यतींत आजही वापरतात.

यानंतर दोन क्लचांची पेटी आली. एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६. पहिला गिअर चालू असतानाच दुसरा जोडून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. माणसाच्या हाताला हा वेग गाठता येत नाही.

आणि सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्यांत कोणती पेटी असते? ‘टॉप फ्युएल’ या वर्गातील सुमारे ११,००० अश्वशक्तीच्या गाड्या ताशी ५३० किलोमीटरहून अधिक वेग गाठतात. त्यांच्यात वेग वाढवण्यासाठी गिअर बदलतच नाहीत! क्लचच्या तबकड्या हळूहळू घट्ट होत जातात आणि गाडी चार सेकंदांच्या आत १,००० फूट ओलांडते. घसरत्या तबकड्या भयंकर तापतात. परंतु तेवढे चार सेकंद त्या टिकल्या की काम झाले.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी तर प्रश्नच बदलून टाकला आहे. विजेची मोटर स्थिर असतानाही पूर्ण जोर देऊ शकते. त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांना एकच गिअर पुरतो. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर आपली पहिली एस. टी. धावली, आणि त्याच तारखेला २०२२ साली, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. तुळजापूरच्या घाटात ऐकू येणारा गिअरचा तो बदलता स्वर उद्या कदाचित ऐकायला मिळणार नाही. तेव्हा तो आताच ऐकून ठेवा!

करून पहा

शाळेच्या मैदानावर १०० मीटर अंतर आखा. स्थिर उभ्या सायकलवरून सुटून हे अंतर तीन प्रकारे कापा : (१) सतत पायडल मारून, (२) सुरुवातीच्या चार फेऱ्यांनंतर दोन सेकंद पायडल थांबवून, (३) शेवटच्या वीस मीटरांत दोन सेकंद पायडल थांबवून. मित्राने घड्याळात वेळ मोजावी. प्रत्येक प्रकार तीनदा करा, मध्ये विश्रांती घ्या आणि सरासरी काढा. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत थांबण्याचा काळ सारखाच आहे. तोटाही सारखाच आला का? आपल्या हिशेबाशी ताडून पहा.

एक शेवटचा हिशेब

सोलापूर–धुळे महामार्ग आता रुंद झाला आहे, आणि मोटारसायकलवर बसलेल्या तरुणाला तो धावपट्टीसारखा वाटू शकतो. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून वेग दर सेकंदाला ७ मीटरने कमी होतो असे धरा, आणि धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी गाडी थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात. ४० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला सुमारे १५४ मीटर! वेग दुप्पट झाला, अंतर तिपटीहून जास्त वाढले. शर्यतीच्या धावपट्टीवर अंतिम रेषेनंतर मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. महामार्गावर त्याच जागेत बैलगाडी, शाळेतून घरी निघालेली मुले किंवा तुळजापूरला पायी निघालेले भाविक असतात. गिअर हाताचा असो वा यंत्राचा, हा हिशेब तो बदलू शकत नाही.