पोलादाच्या पेटंटला हरकत घ्यायची, तर किती खर्च?

हार्डनिंगनंतर पोलादाला सब-झिरो ट्रीटमेंट द्यायची आणि मग टेम्पर करायचं, ही रीत गेज बनवणाऱ्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. उरलेलं ऑस्टेनाइट पुढे हळूहळू मार्टेन्साइट होतं, भाग मायक्रॉनभर फुगतो आणि उपकरण चुकीचं दाखवू लागतं; ते टाळायला हा खटाटोप. आता असाच भाग प्रयोगशाळेच्या उपकरणात बसवून कुणी पेटंट मागितलं, तर ‘यात नवं काय?’ हे विचारायचा हक्क तुम्हालाही आहे.

सगळ्यात स्वस्त वेळ म्हणजे अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतरची, पेटंट मंजूर होण्याआधीची. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पुढचे सहा महिने तरी मंजुरी मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली कुणीही हरकत घेऊ शकतो. पूर्वी हे फुकट होतं. मार्च २०२४ पासून व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,००० रुपये, इतरांना २०,००० रुपये. उद्यम नोंदणी असेल तर तिचा कागद आधी शोधा, १६,००० वाचतात.

एजंटची फी वेगळी, आणि खरा खर्च तिथेच. शोध, मसुदा, सुनावणी यांचे आकडे सुटे लिहून मागा. जीएसटी धरून की सोडून, तेही. जुनी पेटंटं मात्र इंटरनेटवर फुकट चाळता येतात, तेवढं काम स्वतःच करा.

वजन पडतं ते तारखेच्या कागदाला. अर्जदाराच्या अग्रक्रम तारखेआधी भारतात ही पद्धत उघडपणे वापरात होती, हेही कायद्याला चालतं. म्हणून हीट ट्रीटमेंटवाल्याकडचा भट्टीचा जुना चार्ट, त्यावरचा बॅच नंबर आणि त्याच मालाचं चलान एकत्र लावा. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये भांडी लेथवर धरायच्या साधनाचं पेटंट रद्द ठरवलं, तेही कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे त्यात काही नव्हतं म्हणूनच.

मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष मुदत असते, पण तेव्हा हितसंबंध दाखवावा लागतो. त्याहीपुढे उच्च न्यायालय. तिथला वकिलाचा खर्च छोट्या कारखान्याला झेपणारा नाही.

एक मात्र बघा. अर्जदाराने ठरावीक तापमानाचा पट्टा मागितला असेल आणि त्यातच अनपेक्षित फरक पडतो याचे तुलनेचे आकडे दिले असतील, तर हरकत लंगडी पडते. तुमची भट्टी त्या पट्ट्यात चालतच नसेल, तर ते चार हजारही खर्चू नका.