हाँगकाँगची दाटी येते कुठून?

प्रश्न : हाँगकाँगचे फोटो पाहिले की छाती दडपते. खिडकीला खिडकी भिडलेले चाळीस-चाळीस मजली टॉवर, खाली पाय ठेवायला जागा नाही. इतक्या दाटीत माणसं राहतात कशी? काम काय करतात, सणवार कुठे करतात? आणि आपली शहरं अशीच वाढत राहिली तर आपलंही असंच होणार का?
– एक महाविद्यालयीन वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी आकडे पाहू. हाँगकाँगचं क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे ७५ लाख. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सात हजारांच्या आत माणसं. बृहन्मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार हाच आकडा वीस हजारांच्या वर होता. कागदावर मुंबई हाँगकाँगच्या जवळजवळ तिप्पट दाट आहे!

मग फोटोतली ती दाटी खोटी का? खोटी नाही. हाँगकाँगची माणसं हाँगकाँगभर राहत नाहीत, एवढंच. एकूण जमिनीचा जेमतेम चौथा हिस्सा बांधलेला आहे आणि सगळी वस्ती त्यात कोंबलेली आहे. क्वुन तोंग या जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला साठ हजारांच्या आसपास माणसं राहतात. उलट सुमारे चाळीस टक्के जमीन संरक्षित उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत आहे. त्यासाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. सेंट्रल भागातल्या बँकांच्या इमारतींपासून तासाभरात माणूस डोंगरातल्या पायवाटेला लागतो. तिथली मॅक्लेहोज पायवाट तर शंभर किलोमीटर लांब आहे.

मग एवढ्या थोड्याच जमिनीवर बांधकाम का? डोंगर उतार, बांधायला अवघड जमीन, हे कारण खरं आहे, पण ते पुरेसं नाही. दुसरं कारण तिजोरीचं आहे. ब्रिटिशांनी १८४१ मध्ये हाँगकाँग बेट ताब्यात घेतल्यापासून तिथली जवळजवळ सगळी जमीन सरकारच्या मालकीची राहिली. सरकार ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देतं आणि लिलावातून किंवा निविदांतून आलेला पैसा तिजोरीत जातो. तेजीच्या वर्षांत सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, जमिनीतून आला आहे. विक्रीकर नाही, आयकर कमी, म्हणून जगभरचे व्यापारी या शहराचं कौतुक करतात. पण तो न घेतलेला कर सामान्य माणूस घराच्या किमतीतून आणि भाड्यातून भरत असतो. जमीन महाग राहण्यात ज्याचा फायदा, त्याच्याच हातात जमीन सोडण्याचा अधिकार! त्यात १९८४ च्या ब्रिटन-चीन करारात, हाँगकाँग चीनकडे जाईपर्यंत म्हणजे १९९७ पर्यंत, वर्षाला फक्त ५० हेक्टर नवी जमीन देण्याची मर्यादा घातली गेली. दाटी अशी, निर्णयानिर्णयाने वाढत गेली.

इतकी माणसं आली कुठून?

बहुतेक जीव वाचवायला आली. १९४१ मध्ये तिथे सुमारे सोळा लाख माणसं होती. जपानी ताब्याच्या काळात उपासमार आणि हकालपट्टी यांनी १९४५ पर्यंत ती सहा लाखांवर आली. मग चीनमधलं यादवी युद्ध आणि १९४९ ची क्रांती. पाचेक वर्षांत वस्ती वीस लाखांच्या पुढे गेली. निर्वासितांनी डोंगरउतारावर लाकूड-पत्र्याच्या झोपड्या बांधल्या. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई या वस्तीला आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसं एका रात्रीत उघड्यावर आली.

त्यानंतर सरकारनं पुनर्वसनाच्या इमारती बांधल्या. पाच प्रौढांमागे साधारण १२० चौरस फुटांची एक खोली, नळ आणि संडास सामाईक. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती, यावरून अंदाज करा. पण डोक्यावर पक्कं छप्पर आलं. त्या पहिल्या इमारतींपैकी मेई हो हाउस आजही जपून ठेवली आहे. पुढे घरं मोठी होत गेली, संडास आत आले, आणि आज हाँगकाँगची सुमारे ४५ टक्के माणसं सरकारी भाड्याच्या किंवा सरकारी मदतीनं विकत घेतलेल्या घरात राहतात. खुल्या बाजाराची राजधानी म्हणून ज्या शहराकडे बोट दाखवलं जातं, ते सरकारी घरांच्या पायावर उभं आहे.

अर्थात सगळ्यांना ते घर मिळत नाही. अर्ज केल्यापासून भाड्याचं सरकारी घर मिळायला साधारण पाच वर्षं लागतात. तोवर गरीब माणूस जातो तो जुन्या इमारतीतल्या फोडलेल्या घरांत. एका फ्लॅटच्या चार-पाच खोपट्या केलेल्या असतात. पलंग, चूल आणि संडास हाताच्या अंतरावर. २०२१ च्या जनगणनेत अशा घरांत दोन लाखांहून अधिक माणसं राहत होती आणि त्यातल्या मधल्या घराचं क्षेत्रफळ होतं सुमारे १२० चौरस फूट. म्हणजे १९५३ नंतर बांधलेली ती खोली संपलेली नाही, ती खासगी मालकाकडे गेली आहे. आणि दर चौरस फुटाचा हिशोब केला तर तिचं भाडं अनेकदा चांगल्या फ्लॅटपेक्षा जास्त पडतं.

ही माणसं काम काय करतात?

तुमचं शहर यंत्रमागांचं, तेव्हा हा भाग तुम्हाला जवळचा वाटेल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस शांघायचे गिरणीमालक यंत्रं आणि कारागीर घेऊन हाँगकाँगला आले. चुन वान भागात सूतगिरण्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ तयार कपडे, प्लॅस्टिकची फुलं, खेळणी, घड्याळं आली. जमीन महाग, म्हणून कारखानेही मजल्यावर मजला चढवून बांधले. एकाच इमारतीत खाली छापखाना, वर शिवणयंत्रं, त्यावर प्लॅस्टिकचे साचे. बायका आणि मुलं घरी बसून नगावारी फुलं जुळवत. १९८० च्या सुमारास दर दहा कामगारांपैकी चार कारखान्यात होते.

मग चीननं दारं उघडली. १९८० मध्ये हद्दीपलीकडे शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं. तिथे जमीन स्वस्त, मजुरी स्वस्त. पंधरा-वीस वर्षांत हाँगकाँगचे कारखाने हद्द ओलांडून पलीकडे गेले. आज शहराच्या उत्पन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा आहे : बँका, विमा, जहाज वाहतूक, व्यापार, पर्यटन. शहर श्रीमंत झालं, पण चाळिशीतली शिवणकाम करणारी बाई बँकेत गेली नाही. ती हॉटेलात भांडी घासायला, कार्यालयात फरशी पुसायला गेली. निवृत्तीसाठी सक्तीची बचत योजना सुरू झाली डिसेंबर २००० मध्ये, तोवर तिचं कामाचं वय बरंचसं सरलेलं. आजही तिथल्या रस्त्यांवर सत्तरी ओलांडलेली माणसं रद्दी पुठ्ठ्याच्या गाड्या ढकलताना दिसतात, त्यामागे हा हिशोब आहे.

कामाचे तास हा तिथला मोठा प्रश्न. प्रौढ कामगारानं आठवड्याला जास्तीत जास्त किती तास काम करावं, याची कायद्यात मर्यादाच नाही. किमान वेतन लागू झालं तेही २०११ मध्ये, तासाला २८ हाँगकाँग डॉलर. सुट्ट्यांचे तर दोन वर्ग आहेत. बँका आणि कार्यालयांना वर्षाला १७ सार्वजनिक सुट्ट्या, तर कायद्यानं कामगाराला द्याव्याच लागणाऱ्या २०२१ पर्यंत फक्त १२ होत्या. ज्या सणाला साहेब घरी, त्याच सणाला स्वयंपाकी आणि पहारेकरी कामावर! हा फरक २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी होत आहे आणि २०३० मध्ये तो संपायचा आहे.

या शहराचं घर चालवणारा आणखी एक वर्ग आहे. फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून आलेल्या साडेतीन लाखांच्या आसपास घरकामगार, बहुतेक स्त्रिया. शहरातल्या दर दहा कामकरी माणसांत जवळपास एक. नवरा-बायको दोघं कामाला जातात, तेव्हा पोरं आणि म्हातारी माणसं या बायका सांभाळतात. नियमानं त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, म्हणजे आधीच लहान असलेल्या घरात स्वयंपाकघराशेजारच्या कोपऱ्यात किंवा मुलांच्या खोलीत. रविवारी सुट्टी मिळाली की त्या सेंट्रलच्या चौकात, बँकांच्या इमारतींखाली, व्हिक्टोरिया पार्कात पुठ्ठे अंथरून बसतात. जेवतात, गातात, घरी पैसे आणि खोकी पाठवतात. शहरानं त्यांना स्वतःची खोली दिली नाही, म्हणून त्यांनी आठवड्यातला एक दिवस रस्ता आपला केला आहे.

आणि सणवार, पाहुणचार?

घर लहान असलं की संस्कृती बाहेर येते. हाँगकाँगमध्ये पाहुण्याला घरी बोलावण्यापेक्षा हॉटेलात नेण्याची रीत आहे. रविवारी सकाळी आजी-आजोबांसह सगळं कुटुंब ‘यम चा’ला जातं : मोठ्या गोल टेबलाभोवती चहा आणि वाफवलेल्या डिम समच्या टोपल्या. कुणी आपल्या कपात चहा ओतला की टेबलावर बोटं टकटक करून आभार मानायचे. रोजच्या खाण्यासाठी ‘चा चान तेंग’ असतात, आपल्याकडच्या इराण्यांसारखी, दुधाचा कडक चहा आणि मऊ पाव देणारी. तिथे अनोळखी माणसासोबत एकाच टेबलावर बसणं अगदी साधी गोष्ट. पहाटे बागांत म्हातारी माणसं ताई ची करतात. ताई हांग भागात १८८० पासून, महायुद्धासारखे खंड सोडले तर, शरद पौर्णिमेच्या सुमारास उदबत्त्या खोवलेला लांबच लांब अग्निनाग गल्ल्यांतून नाचवला जातो.

जागेची टंचाई मरणानंतरही सुटत नाही. पितरांच्या कबरी झाडून पुसून त्यांना नैवेद्य दाखवण्याचा चिंग मिंग हा सण तिथे मनापासून पाळतात, पण कबरीला जागा कुठे? आता नव्वद टक्क्यांहून अधिक लोक दहन करतात आणि अस्थी ठेवायच्या भिंतीतल्या कोनाड्यासाठीही वर्षानुवर्षं वाट पाहावी लागलेली कुटुंबं आहेत.

या शहराला मुंबईकरांचाही हात लागला आहे. बंदर ओलांडणारी प्रसिद्ध स्टार फेरी मुळात मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांची. त्यांनी १८८८ मध्ये फेरीबोटींची कंपनी काढली. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीसाठी मोठी देणगी दिली ती मुंबईच्याच होरमसजी नवरोजी मोदी यांनी. १९१० मध्ये त्या इमारतीचा पाया घातला गेला.

तर मग आपलंही असंच होणार का?

हाँगकाँगकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. रोजच्या प्रवासांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रवास तिथे सार्वजनिक वाहनांनी होतो. १९७९ मध्ये सुरू झालेल्या एमटीआर रेल्वेला स्थानकांच्या वर आणि आसपास बांधकामाचे हक्क मिळतात आणि त्या उत्पन्नातून नवे मार्ग उभे राहतात. चढावरच्या वस्तीसाठी १९९३ मध्ये सुमारे ८०० मीटर लांबीची सरकत्या जिन्यांची साखळी बांधली. ती सकाळी कामाच्या वेळी खाली नेते आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत वर. १९६३ च्या दुष्काळात तिथे चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी येत होतं. संडासासाठी समुद्राचं पाणी वापरायला त्यांनी १९५० च्या दशकातच सुरुवात केली होती. आज ८० टक्क्यांहून अधिक लोकवस्तीत ते वापरलं जातं. मुंबई तीन बाजूंनी समुद्रानं वेढलेली आहे, आणि आपण मात्र तानसा, भातसा, वैतरणेचं पिण्याचं पाणी संडासात ओततो. ती धरणं ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो.

हाँगकाँगमध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान ८२ वर्षांच्या वर आणि स्त्रियांचं ८८ च्या आसपास आहे. जगात ते सर्वांत वरच्या देशांच्या पंगतीत बसतं. दाट वस्ती म्हणजे रोगट वस्ती, हा समज तिथे टिकत नाही. नळाला पाणी, जवळ दवाखाना, चालायला रस्ता आणि वेळेवर गाडी मिळाली तर माणूस दाटीतही दीर्घायुषी होतो.

जे घेऊ नये, तेही तितकंच स्पष्ट आहे. घराची किंमत आणि कामाचे तास यांनी तिथली तरुण पिढी वाकली आहे. दर स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या एकाच्याही खाली गेली आहे आणि दर पाच माणसांत एक पासष्टीच्या पुढचा आहे. जमिनीला कमाईचं साधन बनवलं की शहर श्रीमंत होतं आणि त्यात राहणाऱ्याला संसार मांडायला खोली मिळत नाही.

तेव्हा आपलं काय होणार, हे डोकी मोजून कळणार नाही. कुठली जमीन घरांना, कुठली झाडांना, कुठली रस्त्याला आणि कुठली बिल्डरला, हे कोण ठरवतं यावरून कळेल. इचलकरंजीची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. शहराचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा नागरिकांना हरकती आणि सूचना नोंदवण्याचा कायद्यानं हक्क असतो, आणि बहुतेक लोक तो नकाशा उघडूनही पाहत नाहीत. तुम्ही पाहा. मैदानावरचं, बागेवरचं, गरिबांच्या घरांवरचं आरक्षण कुठे उठतंय ते शोधा, आणि मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या.