गोळी देण्याआधीचे प्रश्न



गटात कुणी कर्ज मागितलं की आपण लगेच पैसे काढून देत नाही. कशासाठी हवं, आधीचं किती बाकी आहे, हप्ता कसा भरणार, हे विचारतो. त्यात अविश्वास नसतो, मागणारीचंच भलं असतं. उपकेंद्रातली सिस्टर गोळी देण्याआधी चार प्रश्न विचारते, तेही असंच. आपण मात्र म्हणतो, "एवढं काय विचारता बाई, गुडघं दुखतंय, गोळी द्या की!" आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी आहेच. म्हणून या महिन्याचा पाठ औषधांचा.

गावात औषध कोण देतं?

2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे आरोग्यसेविकेबरोबर समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांनी नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. ताप, जुलाब अशा साध्या दुखण्यांवर त्या औषध देतात, बीपी आणि शुगर तपासतात. पण बीपी-शुगरची गोळी पहिल्यांदा सुरू करायची, तर ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ठरवतात. पुढे तीच गोळी दर महिन्याला उपकेंद्रातून मिळते. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात.

आपल्या भागातलंच उदाहरण बघा. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. त्यात कोणती गोळी आधी द्यायची, बीपी उतरलं नाही तर पुढे काय करायचं, हे लिहून ठरवलेलं असतं. बीपी 140/90 च्या खाली आणायचं, हे ध्येय. प्रत्येक पेशंटची नोंद असते. आपल्या पासबुकासारखीच.

एक उदाहरण

समजा, साठीची एक आक्का आहे. बीपीची गोळी चालू आहे. भांगलणीला जाऊन कंबर धरली, म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणून ती रोज खाते. ही गोळी बीपी वाढवू शकते, मूत्रपिंडाला आणि पोटाला इजा करू शकते. महिन्यानं बीपी तपासलं तर उतरलेलंच नाही. आक्का दुखण्याच्या गोळीचं बोलली नाही, तर बीपीचा डोस उगाच वाढेल. बोलली, तर आधी ती गोळी थांबेल. एका वाक्यानं औषधाचा निर्णय बदलतो, तो असा.

दुसरं उदाहरण. सुनेचं डोकं दुखतंय म्हणून सासूबाई आपली बीपीची गोळी देतात. सून गरोदर असेल, तर टेल्मिसार्टनसारखी गोळी पोटातल्या बाळाला धोक्याची आहे. एकीची गोळी दुसरीला देऊ नका.

सिस्टरला हे आपण होऊन सांगा

1. कोणकोणती औषधं चालू आहेत? दुकानातली, आयुर्वेदिक, जडीबुटीची, सगळी. पाकिटं पिशवीत घालून सोबतच न्या.
2. आधी कुठल्या औषधानं पुरळ, सूज किंवा दम लागला होता का?
3. पाळी चुकली आहे का? गरोदर आहात का? बाळ अंगावर पितं का?
4. मूत्रपिंड, यकृत किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास आहे का?
5. लेकरू असेल तर त्याचं वजन. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो.
6. उपवास धरता का? शुगरच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय कापतात. एकादशी, नवरात्र किंवा वारीच्या आधीच विचारून घ्या.

गोळी हातात आली की

नाव काय, कशासाठी, किती, कधी, किती दिवस, हे विचारा आणि पाकिटावर लिहून घ्या. तारीख बघा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. वर तापाची वेगळी गोळी घेतली तर डोस दुप्पट होतो. जुलाबात लेकराला ओआरएस द्या, आणि झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा.

सिस्टर "नाही" म्हणते तेव्हा

"इथं नुसत्या गोळ्या देतात, सुई नाही, सलाईन नाही," अशी आपली तक्रार असते. पण साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही. गरज नसताना घेतलं, तर खऱ्या वेळेला ते लागू पडेनासं होतं. पट्टीवर उभी लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. "हे माझ्या हातात नाही, डॉक्टरांना दाखवा," असं सिस्टर म्हणाली, तर तिला काही येत नाही असं समजू नका. तो तिचा जबाबदारीचा निर्णय असतो. सिस्टर नाही म्हणाली म्हणून दुसरीकडून सुई टोचून घेऊ नका, आणि दुखणं अंगावरही काढू नका.

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, औषधानंतर ओठ सुजणं किंवा दम लागणं, यांत वाट बघू नका. 108 ला फोन लावा.

पुढच्या बैठकीचं काम

प्रत्येकीनं घरातल्या औषधांची पिशवी आणावी. तारीख संपलेली, नाव न कळणारी औषधं बाजूला काढा आणि सिस्टरला दाखवा. चालू गोळ्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. लिहिता येत नसेल तिला शेजारी बसलेलीनं लिहून द्यावी. आणि बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून कुणी सोडली आहे का, हे एकमेकींना विचारा. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. हप्ता जसा चुकवायचा नाही, तशी ही गोळीही चुकवायची नाही.