कथाकाव्यातील अवतरणांचे पाठांतर : कीट्सच्या एका प्रेमकाव्याच्या आधारे

दीर्घ काव्यातील महत्त्वाची वचने पाठ करणे हे काम पुष्कळदा निव्वळ स्मरणशक्तीचे मानले जाते. वस्तुतः त्यात दोन निरनिराळी कामे एकवटलेली असतात. कोणते वचन पाठ करावयाचे हे ठरवणे हे पहिले, आणि ठरवलेले वचन मनात टिकवणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिल्याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत प्रकरणात ही दोन्ही कामे एकमेकांशी कशी निगडित आहेत, हे जॉन कीट्सच्या ‘द ईव्ह ऑफ सेंट अ‍ॅग्नेस’ या कथाकाव्याच्या आधारे पाहावयाचे आहे.

हे काव्य कीट्सने १८१९ च्या प्रारंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिले आणि १८२० मध्ये ते त्याच्या संग्रहात प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी रोम येथे त्याचा मृत्यू झाला. काव्याचा आधार एक जुनी लोकसमजूत आहे. २० जानेवारीच्या रात्री, म्हणजे संत अ‍ॅग्नेसच्या सणाच्या पूर्वरात्री, कुमारिकेने उपाशीपोटी व मागे वळून न पाहता शय्येवर जावे, म्हणजे स्वप्नात तिला भावी पतीचे दर्शन होते, अशी ती समजूत. नायिका मॅडेलिन हे व्रत श्रद्धेने पाळते. तिच्या घराण्याचा वैरी असलेला पॉर्फिरो त्याच रात्री गढीत शिरतो, अँजेला नावाच्या वृद्ध दासीच्या साहाय्याने मॅडेलिनच्या शयनगृहात लपून राहतो, आणि पहाटेपूर्वी ती दोघे वादळात पळून जातात. काव्यात प्रत्येकी नऊ ओळींची बेचाळीस कडवी, म्हणजे एकूण ३७८ ओळी आहेत.

एवढ्या ओळींतून दहा-बारा वचने निवडून ती सुटी-सुटी घोकण्याचा मार्ग विद्यार्थी बहुधा पत्करतात. तो कष्टाचा असून त्याचे फळही अल्प असते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १८८५ मध्ये प्रकाशित केला. त्याचे बहुतेक प्रयोग अर्थहीन अक्षरसमूह पाठ करण्याचे होते. परंतु तुलनेसाठी त्याने बायरनच्या ‘डॉन जुआन’ या कथाकाव्यातील कडवीही पाठ केली. तितक्याच लांबीच्या अर्थहीन मजकुराच्या मानाने या कडव्यांना सुमारे एक-दशांश श्रम पुरले, असे त्याला आढळले. अर्थ, वृत्त आणि यमक यांची बंधने मनाला ओझे वाटत नाहीत, उलट ती त्याचे ओझे हलके करतात. सुटी वचने घोकणारा विद्यार्थी नेमके हेच साहाय्य नाकारीत असतो.

प्राचीन वक्त्यांना ठाऊक असलेली एक युक्ती येथे विशेष उपयोगी पडते. ग्रीक कवी सायमोनिडीस याच्या नावाशी जोडली गेलेली आणि सिसेरोने वर्णिलेली ही पद्धत अशी : परिचित वास्तूतील एकेका स्थळी एकेक गोष्ट मनाने ठेवावी आणि आठवण करताना त्या वास्तूतून क्रमाने फिरावे. कीट्सच्या वाचकाला अशी वास्तू कल्पावी लागत नाही; कवीने ती बांधूनच ठेवलेली आहे. आरंभ थंडगार प्रार्थनामंदिरात होतो. तेथे आश्रयदात्यांच्या कल्याणासाठी जपमाळ ओढणारा वृद्ध भिक्षेकरी आहे. तेथून आपण दिव्यांनी व वाद्यांनी गजबजलेल्या दिवाणखान्यात येतो. मग दाराशी चांदण्याच्या छायेत उभा असलेला पॉर्फिरो, अँजेलाची लहानशी खोली, रंगीत काचांच्या खिडकीचे शयनगृह, फळे व मिष्टान्ने मांडलेले मेज, अंधारा जिना, झोपलेला द्वारपाल व जागा झालेला शिकारी कुत्रा, आणि अखेरीस दाराबाहेरचे वादळ, असा हा क्रम आहे. प्रत्येक स्थळी एक, फार तर दोन वचने ठेवावीत. एखादे वचन विसरले, तरी ते कोणत्या खोलीत आहे हे आठवते आणि तेवढ्या धाग्याने बहुधा शब्दही परत येतात.

कडव्याची घडणही अशीच साहाय्यकारी आहे. स्पेन्सर या कवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत पहिल्या आठ ओळी पाच आघातांच्या आणि नववी सहा आघातांची असते. मराठी ओवीचा शेवटचा चरण आखूड होऊन थांबतो. येथे उलट शेवटची ओळ लांबते व रेंगाळते. आधीच्या आठ ओळींचे चित्र पुष्कळदा या नवव्या ओळीत स्थिरावते. म्हणून निवड करताना प्रथम नवव्या ओळी मोठ्याने वाचून पाहाव्यात.

आता निवडीचा प्रश्न. या काव्यातील सर्वांत लोकप्रिय भाग म्हणजे खिडकीतून येणारे रंगीत चांदणे आणि समरकंद, लेबनान अशा दूरदेशींच्या नावांनी दरवळणारे मेज. केवळ हेच भाग पाठ करणाऱ्याला हे काव्य म्हणजे ऊब, रंग व सुगंध यांचा सोहळा आहे असे वाटते. परंतु काव्याचा प्रारंभ कडाक्याच्या थंडीने होतो, आणि शेवटही वादळ, भयाण स्वप्ने व मृत्यू यांनी होतो. पहिल्या कडव्यात गारठलेल्या बोटांनी माळ ओढणारा वृद्धच अखेरच्या ओळीत थंड राखेत कायमचा झोपी गेलेला दिसतो. पहिल्या व शेवटच्या कडव्यातील प्रत्येकी एक वचन पाठ नसेल, तर मधल्या उबेचा अर्थही निसटतो. ती ऊब चहूबाजूंच्या थंडीने वेढलेली आहे.

याहून गंभीर उदाहरण सतराव्या कडव्याचे आहे. मॅडेलिनला आपण मुळीच अपाय करणार नाही, अशी शपथ पॉर्फिरो अँजेलापुढे घेतो. हे वचन प्रेमिकाच्या शुद्ध हेतूचा पुरावा म्हणून सहज उद्धृत करता येते. परंतु त्याच कडव्यात तो तिला धमकीही देतो : तिने ऐकले नाही, तर आपण आरडाओरड करून शत्रूंना जागे करू. शपथ पाठ करून धमकी वगळणारा विद्यार्थी स्मरणात चुकलेला नसतो. तो अर्थात चुकलेला असतो, आणि आपण चुकलो हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

मॅडेलिन जागी होते त्या प्रसंगाविषयीही हेच म्हणता येईल. स्वप्नातील पॉर्फिरो आणि समोरचा पॉर्फिरो यांत तिला केवढे तरी अंतर दिसते. समोरचा तिला निस्तेज आणि थंड भासतो. पुढे, घडले ते स्वप्न नव्हते हे उमगल्यावर ती विलाप करते व त्याला निर्दय म्हणते. सोळाव्या कडव्यात अँजेलानेही त्याच्यावर हाच आरोप केलेला असतो. मधल्या छत्तिसाव्या कडव्यातील मीलनाचे वर्णन कीट्सने सप्टेंबर १८१९ मध्ये अधिक स्पष्ट केले होते. त्याचा मित्र रिचर्ड वुडहाउस आणि प्रकाशक जॉन टेलर या दोघांनी त्यास हरकत घेतली, आणि छापील प्रतीत संदिग्ध पाठच राहिला. १९६१ मध्ये अमेरिकन अभ्यासक जॅक स्टिलिंजर यांनी एका निबंधात मॅडेलिनची यात फसवणूक झाली आहे, असे प्रतिपादन केले. त्यापूर्वी या काव्याकडे बहुधा आदर्श प्रेमाची विजयकथा म्हणून पाहिले जाई. दोन्ही पक्षांना काव्यात आधार सापडतो. कोणाला कोणता सापडतो हे त्याने कोणती वचने जवळ बाळगली आहेत यावर पुष्कळसे अवलंबून असते. यास्तव छत्तिसाव्या कडव्यातील एखादे वचन निवडले, तर त्याच्या अलीकडच्या व पलीकडच्या कडव्यांतील मॅडेलिनचे शब्दही त्यासोबत पाठ केले पाहिजेत.

प्रत्यक्ष अभ्यासासाठी पुढील क्रम उचित ठरेल. प्रथम संपूर्ण काव्य एका बैठकीत मोठ्याने वाचावे. दुसऱ्या वाचनात स्थळांची यादी करून प्रत्येक स्थळासाठी वचन निवडावे. ते जितके आखूड तितके चांगले. चार-पाच अचूक शब्द चार अर्धवट ओळींहून अधिक उपयोगी असतात. प्रत्येक वचनाबरोबर ते कोण, कोणाला आणि कोणत्या क्षणी बोलतो, आणि लगेच पुढे काय घडते, हेही लक्षात ठेवावे. त्यानंतर पुस्तक मिटून वचन लिहून काढावे व मूळाशी शब्दशः ताडून पाहावे. स्मृतीला अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालण्याची खोड असते आणि कीट्सचे सामर्थ्य बहुधा त्या अपरिचित शब्दातच असते.

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहणे श्रेयस्कर, असे २००६ मध्ये रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून पाहणारे पुढे गेले. वाचताना येणारी ओळखीची भावना फसवी असते, हे यावरून कळते. तसेच हा सराव एका रात्रीत न आटोपता अनेक दिवसांवर विभागावा. एबिंगहाउसच्या एका प्रयोगात एकाच वेळी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते तीन दिवसांवर विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीही साधले होते.

अशा रीतीने पाठ केलेली दहा-बारा वचने परीक्षेत उपयोगी पडतीलच. परंतु त्यांचे खरे मूल्य परीक्षेनंतर कळते. पुस्तक हाताशी नसतानाही वाचक त्या गढीतून प्रार्थनामंदिरापासून वादळापर्यंत पुन्हा फिरू शकतो. मात्र आपण कोणती दारे उघडली आणि कोणती न उघडताच पुढे आलो, हे त्याने वरचेवर तपासून पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे मनात राहिलेल्या मोजक्या ओळींनाच माणूस पुढे संपूर्ण काव्य समजू लागतो, म्हणून निवड आरंभीच विचारपूर्वक केलेली बरी.