पर्यटकांवरील शुल्क : अधिकार आणि हिशेब

पावसाळ्यात धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावाच्या वेशीपाशी पुष्कळदा एक दोरी आडवी बांधलेली दिसते. मोटार थांबते, पावती फाडली जाते, दोरी खाली होते. पावतीवर रक्कम असते; परंतु ती कोणत्या अधिकाराने घेतली आणि तिचा विनियोग कशावर होणार, याचा उल्लेख बहुधा नसतो. निसर्गरम्य स्थळांच्या परिसरातील स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे हे साधन हाती घेण्यापूर्वी या दोन्ही प्रश्नांचा विचार करणे अगत्याचे आहे.

कायद्याने दिलेल्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. त्यांनुसार पंचायतींना व नगरपालिकांना कर, पथकर व फी बसविण्याचा अधिकार राज्य विधानमंडळ कायद्याद्वारे देऊ शकते. ग्रामपंचायतीचे हे अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आहेत. त्यात इमारती व जमिनी यांवरील कराबरोबरच यात्रेकरू कर, जत्रा व करमणुकीवरील कर, बाजाराची व गाडीतळाची फी यांचा समावेश होतो. विधिकारांच्या डोळ्यांसमोर त्या काळी पंढरीचा वारकरी असावा. धबधबा पाहावयास आलेला शहरवासी नसावा. म्हणूनच 'पर्यटन शुल्क' असे नाव देऊन पावतीपुस्तक छापण्यापूर्वी ते कलमातील कोणत्या बाबीखाली बसते, हे पाहिले पाहिजे. वनजमिनीवर अथवा संरक्षित किल्ल्यावर तर पंचायतीची मालकीच नसते.

कर आणि फी यांतील भेदही ध्यानात ठेवावयास हवा. कर सर्वसाधारण खर्चासाठी असतो. फी विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतली जाते. शिरूर मठ प्रकरणात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. पुढे १९८३ च्या निकालात न्यायालयाने त्याची काटेकोर मोजणी सैल केली. पैशापैशाचा मेळ नको, परंतु शुल्क आणि सेवा यांत स्थूल संबंध असला पाहिजे, असा त्याचा आशय. स्वच्छतागृह नाही, कचरा उचलला जात नाही, धोक्याच्या कड्यावर कठडा नाही, अशा ठिकाणी फी घेणे या कसोटीस उतरणे कठीण.

मात्र स्थानिक संस्थेची अडचणही खरी आहे. माथेरानचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार या गिरिस्थानाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आतच होती. परंतु सुटीच्या दिवसांत येणाऱ्या प्रवाशांसाठीही पाणी, दिवे, सफाई आणि कचऱ्याची व्यवस्था नगरपरिषदेलाच करावी लागते. पाणी तर डोंगराखालून वर चढवावे लागते. थोड्या घरमालकांच्या मालमत्ता करातून हा भार पेलणार कसा? त्यामुळे तेथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून नगरपरिषद कर घेते. वसुलीही तुलनेने सोपी आहे. २००३ मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. खाजगी मोटारी दस्तुरीच्या पुढे जात नाहीत. ज्या गावाला चार वाटा फुटतात, अशा एखाद्या कोकणातील समुद्रकिनाऱ्याच्या पंचायतीने माथेरानचे अनुकरण केल्यास नाकेदारांच्या पगारातच वसुली संपावयाची! तिने स्वतःच्या जागेवर वाहनतळ बांधून त्याची फी घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे.

साताऱ्याजवळील कास पठाराची रीत निराळी आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कास आहे. येथील जमीन वन विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे फुलांच्या हंगामातील शुल्क आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत घेतले जाते. रक्षक, मार्गदर्शक आणि सफाई कामगार म्हणून त्याच गावांतील माणसांना काम मिळते. याखेरीज दिवसाला किती जणांना प्रवेश द्यावयाचा, याची मर्यादाही तेथे ठरविण्यात आली. फुले वाचतात ती या मर्यादेने, पावतीने नव्हे.

इटलीतील व्हेनिस शहराचा अनुभव हेच सांगतो. मुक्काम न करता दिवसापुरते येणाऱ्यांकडून २०२४ मध्ये निवडक २९ दिवशी ५ युरो घेण्यात आले. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी दर १० युरो झाला. प्रवेशाच्या संख्येवर मात्र कमाल मर्यादा नव्हती. पैसा जमला, गर्दी विशेष हटली नाही, अशी टीका तेथील नागरिकांनीच केली.

शुल्काचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा सदस्यांनी दराआधी जमाखर्चाचा कागद मागावा. वसुलीसाठी किती माणसे लागतील, त्यांचा पगार वजा जाता काय उरेल, उरलेल्यातून हंगामापूर्वी कोणते काम पुरे होईल, आणि गावकरी, शाळांच्या सहली, त्या वाटेने शेतावर जाणारे शेजारगावचे लोक यांना सूट कशी मिळेल, हे त्यात असावे. वसुलीचे आणि खर्चाचे आकडे नाक्यावरच फलकावर लिहिले, तर पावती घेणारा प्रवासीही ते वाचू शकेल.