संगणकाचा वाटाड्या हरवल्यास

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली नांदविण्याची सोय अनेक शाळांतून व कार्यालयांतून केलेली असते. एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा, तो नेहमीची निवडसूची न दिसता सरळ विंडोजच उघडते. अथवा काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द उमटतो. सर्व काही पुसले गेले, या समजुतीने अशा वेळी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याची घाई होते आणि निकालपत्रके, दाखले, पत्रव्यवहार खरोखरच नाहीसे होतात. वस्तुतः बहुतेक प्रसंगी माहिती जागच्या जागीच असते. हरवलेला असतो तो तिच्याकडे नेणारा वाटाड्या.

या वाटाड्यास बूट लोडर म्हणतात. लिनक्समध्ये हे काम बहुधा ‘ग्रब’ करतो. जुन्या बायोस पद्धतीत त्याचा आरंभ डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात होई. आजच्या यूईएफआय पद्धतीत त्यासाठी डिस्कवर ईएफआय नावाचा स्वतंत्र विभाग असतो आणि प्रथम कोणास पाचारण करावे, हा क्रम मदरबोर्डवर नोंदलेला असतो. विंडोज नव्याने बसविल्यास जुन्या पद्धतीत तो पहिला खंड बदलतो, तर नव्या पद्धतीत बहुधा हा क्रम बदलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेमुळेही दोन प्रणाली असलेल्या काही संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली हाताशी ठेवावी. बदलानंतर ती विचारली जाऊ शकते. मग यूईएफआयच्या सेटिंगमध्ये बूटचा क्रम पाहावा. लिनक्सचे नाव खाली गेले असेल, तर ते वर आणताच पुष्कळदा काम भागते.

तेवढ्याने न भागल्यास लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक यूईएफआय पद्धतीनेच सुरू करावा आणि महत्त्वाच्या फाइली प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. उबंटू अथवा डेबियन असल्यास लिनक्सचा मूळ विभाग माउंट करावा, त्यातील बूट-ईएफआय या जागी ईएफआय विभाग जोडावा, डेव्ह, प्रॉक व सिस या निर्देशिका जोडून ‘सीएचरूट’ने आत प्रवेश करावा. तेथे ‘ग्रब-इन्स्टॉल’ व त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञा द्याव्यात. विंडोजचे नाव सूचीत न आल्यास ‘ओएस-प्रोबर’ चालू करून दुसरी आज्ञा पुन्हा द्यावी, ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून हा शोध मुळात बंद असतो. फेडोरामध्ये रीत निराळी आहे. तेथे या आज्ञा जशाच्या तशा वापरू नयेत.

ईएफआय विभाग मात्र कदापि पुसू नये. विंडोजचा वाटाड्याही तेथेच राहतो.

दार अडले म्हणून कोणी घर पाडीत नाही. संगणकाच्या बाबतीतही हाच विवेक राखावा, आणि प्रत्येक शाळेने व कार्यालयाने एक लाइव्ह पेनड्राइव्ह व माहितीची ताजी प्रत कपाटात जपून ठेवावी, हे इष्ट होय.