मसावि : 'महत्तम' शब्दाला फसू नका

मुलांनो, 'महत्तम' वाचलं की बरेच जण मोठी संख्या शोधायला लागतात आणि २४ व ३६ चा मसावि ७२ लिहून मोकळे होतात! ७२ हा तर लसावि. विभाजक त्या संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही.

२४ चे विभाजक : १, २, ३, ४, ६, ८, १२, २४
३६ चे विभाजक : १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६

दोन्हीकडे असलेले १, २, ३, ४, ६, १२ हे सामाईक विभाजक. त्यांतला सर्वांत मोठा १२, म्हणून मसावि १२.

पडताळा सोपा आहे. सामाईक विभाजकाने दोन्ही संख्यांच्या वजाबाकीलाही निःशेष भाग जातो. ३६ − २४ = १२. म्हणजे मसावि १२ च्या वर जाणारच नाही.

आता ४५ मीटर आणि ६० मीटर दोरीचे, काही न उरता, समान लांबीचे मोठ्यात मोठे तुकडे करा बरं!